एकच चाक का फिरतं? जुन्या गाडीचं मागचं डिफरन्शिअल निवडताना

आज पापडाचं नाही, रोपवाटिकेचंही नाही, आज आम्ही गाडीच्या मागच्या आसाविषयी बोलणार आहोत. हसू नका. या आसापायी आमच्या गटाचे तीस हजार रुपये पणाला लागले होते. ते कुठे घालायचे हे आम्हाला नीट समजून घ्यावं लागलं. तुमच्या गटाकडेही जुनी गाडी असेल, तर आमची धडपड तुमच्या उपयोगी पडेल.

आमचं गाव अकोले तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. पाऊस इथे दणकून पडतो. गटाची एक जीपगाडी आहे, पंधरा वर्षांची, कर्ज फेडून झालेली. गाडी चालवते ती आमच्यातलीच एक. मागच्या श्रावणात टोमॅटोचे सव्वीस कॅरेट भरून पहाटे संगमनेरला निघालो. शाळेपुढच्या वळणावर समोरून एसटी आली, तिला वाट द्यायला गाडी जरा बाजूला घेतली आणि डावं मागचं चाक साइडपट्टीवरून खाली चिखलात उतरलं. उजवं चाक मात्र डांबरावर होतं, घट्ट. आम्हाला वाटलं, एक चाक तर रस्त्यावर आहे, निघेल गाडी. पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डावं चाक चिखलात गरगर फिरायचं आणि उजवं जागचं हलायचं नाही. जितकं जास्त दाबावं तितकं डावं जास्त रुतायचं. शेवटी ट्रॅक्टरने ओढली. तोवर दोन तास गेले, लिलाव उरकला आणि माल पडेल भावात द्यावा लागला.

त्या दिवशी सगळ्यांचा एकच प्रश्न होता. चांगल्या जागेवरचं चाक का नाही फिरलं? इंजिन तर चालू होतं!

मिस्त्रीदादांनी गाडीखाली बोट दाखवलं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा एक लोखंडी गोळा असतो. त्यात डिफरन्शिअल बसवलेलं असतं. ते काय करतं हे समजायला खळ्यावरची पात आठवा. तिवड्याला जोडून बैल फिरायचे, तेव्हा तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी वळल्यासारखा चालायचा आणि कडेच्या बैलाला भरभर पावलं टाकावी लागायची. गाडी वळते तेव्हाही असंच होतं. बाहेरच्या चाकाला जास्त वाट तुडवावी लागते, आतल्याला कमी. हिशोब केला तर गंमत वाटते. दोन मागच्या चाकांमध्ये एक मीटर चाळीस सेंटिमीटर अंतर असेल, तर पुरती एक गोल फेरी मारताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ८.८ मीटर जास्त चालतं. फेरी लहान असो की मोठी, फरक तेवढाच. साध्या काटकोनी वळणातही तो २.२ मीटर होतो.

बैलगाडीला याची अडचण नाही, कारण तिची चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात. मोटारीत मात्र इंजिनाला चाकं फिरवायची असतात आणि वळणावर ती कमीजास्त फिरूही द्यायची असतात. ही दोन्ही कामं एकाच वेळी करणाऱ्या दातेरी चाकांच्या जुळणीचं पेटंट फ्रान्समधल्या पेकर नावाच्या कारागिराने १८२७ मध्ये घेतलं. म्हणजे ही युक्ती पेट्रोलच्या मोटारीहूनही जुनी आहे. इंजिनाकडून येणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या टोकाला छोटं पिनियन, ते मोठ्या क्राउन व्हीलला फिरवतं. क्राउन एका पिंजऱ्याला बोल्टने आवळलेलं असतं. त्या पिंजऱ्यातली लहान दातेरी चाकं दोन्ही बाजूंच्या हाफ शाफ्टना जोर वाटून देतात.

वाटून देतात, आणि अगदी समान वाटतात. सगळा घोळ इथेच आहे. बैलांचं जू मध्यावर बांधलेलं असतं. एका बैलाने अंग काढलं की जू त्याच्या बाजूने मागे फिरतं, दुसऱ्याने कितीही रेटा दिला तरी तो जू तिरपं करण्यातच जातो. साधं डिफरन्शिअल तसंच आहे. चिखलातल्या चाकाला जमिनीचा आधार नाही, त्यामुळे ते जोर घेतच नाही. ते जेवढं घेतं तेवढंच दुसऱ्याच्या वाट्याला येतं. समजा, चिखलातलं चाक जेमतेम वीस किलोचा जोर पेलतं. मग डांबरावरच्या चाकालाही वीसच मिळतात. एकूण चाळीस. चाळीस किलोच्या रेट्याने भरलेली गाडी खड्ड्यातून वर येत नाही.

शेतात राबणाऱ्या बायांना हे एका बाजूने माहीतच आहे. ट्रॅक्टरवर टाचेजवळ एक छोटं पेडल असतं, डिफरन्शिअल लॉकचं. एक चाक चिखलात फिरायला लागलं की ते दाबायचं, दोन्ही चाकं एक होतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. वळायच्या आधी मात्र ते सोडायचं, नाहीतर ट्रॅक्टर वळता वळत नाही. घरची माणसं पोरांना हे किती वेळा ओरडून सांगतात ते आम्ही ऐकलेलं आहे.

आमच्या गाडीत असं पेडल नव्हतं. तेव्हा एका गॅरेजवाल्याने स्वस्तातला उपाय सांगितला. "ताई, आतल्या लहान चाकांना वेल्डिंग मारून टाकतो. दोन्ही चाकं कायमची एक. दीड हजारात काम." दीड हजार! आमच्या निम्म्या बाया तिथेच हो म्हणाल्या. खरं सांगायचं तर आम्हीही म्हणालो असतो. पण गाडी चालवणारीने विचारलं, "आणि वळणावर?" गॅरेजवाले हसले आणि म्हणाले, "थोडं जड जाईल, सवय होते."

सवय होत नाही. वेल्डिंग मारलं म्हणजे ट्रॅक्टरचं पेडल कायमचं दाबून ठेवलं. वरचा २.२ मीटरचा फरक मग कुठे जाणार? दरेक वळणावर एक टायर रस्त्यावर फरफटणार. टायर झिजतील, हाफ शाफ्टला पीळ बसून तो तुटू शकेल. सगळ्यात वाईट म्हणजे ओल्या घाटरस्त्यावर गाडी वळायचं सोडून सरळ जायला बघेल, नाहीतर दोन्ही मागची चाकं एकदम सुटून शेपूट फिरवेल. मातीच्या मैदानात शर्यतीसाठी लोक असं करतात. आमच्या गाडीत बाजाराच्या दिवशी नऊ-दहा बाया बसतात. त्या दीड हजारांना आम्ही नको म्हटलं.

आता चांगल्या उपायाकडे येऊ. वळणावर चाकांना मोकळं सोडायचं, पण एक चाक उगाच गरगरायला लागलं की त्याला आवरायचं, असं करणाऱ्या डिफरन्शिअलला लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल म्हणतात. मिस्त्री लोक नुसतं एलएसडी म्हणतात. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरी हे नाव ऐकून हसत सुटल्या, कारण नशेच्या एका गोळीचंही तेच नाव आहे. आम्हाला नंतर कळलं. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९५६ मध्ये हे रस्त्यावरच्या गाड्यांत द्यायला सुरुवात केली, म्हणजे वस्तू काही नवी नाही.

पण आधी एक पाहा. तुमच्या गाडीला मागची चाकं ढकलतात का? बोलेरो, सुमो, ट्रॅक्स, ओम्नी, इको, जुनी अ‍ॅम्बेसेडर, या मागच्या चाकांच्या गाड्या. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. त्यांच्या मागच्या आसात डिफरन्शिअलच नसतं, तेव्हा त्यांच्यासाठी हे बोलणं नाही.

एलएसडीचे प्रकार आहेत आणि निवड करताना तिथेच गोंधळ होतो. पहिला क्लचवाला. यात हाफ शाफ्टच्या मुळाशी चकत्यांची चळत असते, एक चकती पिंजऱ्याला धरलेली, दुसरी शाफ्टच्या चाकाला, अशी एकाआड एक. स्प्रिंग त्यांना दाबून ठेवते. एक चाक पळायला लागलं की चकत्या एकमेकींवर घासून त्याला मागे ओढतात आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. चकत्या झिजतात हा याचा दोष, पण त्या बदलता येतात हा मोठा गुण. जुन्या वस्तूत हा गुण फार मोलाचा असतो.

दुसरा दातेरी चाकांचा, नागमोडी दात एकमेकांत अडकून धरणारा. टॉर्सन हे त्यातलं नावाजलेलं नाव. यात झिजायला चकत्या नाहीत, खास तेलही लागत नाही, रस्त्यावर सगळ्यात गोड चालतो. पण तो एका पटीत काम करतो. समजा पट अडीच आहे. चिखलातलं चाक वीस किलो पेलत असेल तर दुसऱ्याला पन्नास मिळतात, एकूण सत्तर. साध्याच्या चाळीसपुढे हे खूप झालं. पण चाक पार अधांतरी असेल तर शून्याची अडीचपट शून्यच! खोल चारीत चाक लटकलं तर हा प्रकार साध्यासारखाच वागतो. क्लचवाल्यात स्प्रिंगचा दाब असल्यामुळे शून्यावरही थोडा जोर पलीकडे पोचतो. शिवाय दातेरी प्रकार नवा घ्यायचा तर महाग.

तिसरा घट्ट द्रवाचा. डब्यात सिलिकॉनचा चिकट द्रव, चकत्या वेगाने फिरल्या की तो तापून आवळतो. जुना झाला की द्रव निकामी होतो आणि दुरुस्ती करता येत नाही, म्हणून जुन्या बाजारातून हा घेऊच नये.

आणि चौथा लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं पूर्ण एक करणारा. फोर्स गुरखा गाडीत तो हाताने लावायचा असतो. महिंद्राच्या थार गाडीत २०१५ पासून ईटन कंपनीचा आपोआप लागणारा लॉकर जादा पैशांत मिळू लागला. दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की तो खटकन लागतो आणि गाडीने वेग घेतला की लागत नाही. चिखलासाठी फार चांगला. तुमच्याच मॉडेलमध्ये कंपनीने असं काही दिलेलं असेल तर पहिली चौकशी त्याची करा. बाहेर स्वस्तात मिळणारे काही लॉकर मात्र सतत लागलेले असतात आणि फक्त वळणावर सुटतात. ते वळताना कटकट वाजतात आणि ओल्या रस्त्यावर झटके देतात. माणसं बसवायच्या गाडीला ते आम्हाला पटले नाहीत.

आता पैशांचं. गटाकडे तीस हजार होते, ते पोरांच्या फीच्या कर्जांसाठी फिरवायचे. त्यातून घ्यायचं तर वाया जाऊन चालणार नव्हतं. म्हणून फुकटचे आणि स्वस्तातले उपाय आधी केले. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते, एक तर वेगळ्याच मापाचा होता. गाडीच्या दुरुस्तीखात्यातून दोन सारखे, खोल नक्षीचे टायर घातले. त्यानेच बराच फरक पडला. टायर कमीजास्त मापाचे असतील तर सरळ रस्त्यावरही एलएसडीच्या चकत्या घासत राहतात, तेव्हा हा खर्च चुकवता येतच नाही. दुसरी युक्ती हँडब्रेकची. हँडब्रेक मागच्या चाकांना असेल, तर अडकल्यावर तो दोन-तीन खटके ओढायचा आणि अगदी हळू अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेकने थोडं अडवलं की तेवढाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. साध्या डिफरन्शिअललाही हे थोडं लागू पडतं, दातेरी एलएसडीला तर चांगलंच. काही जुन्या जीपना हँडब्रेक चाकांना नसून प्रोपेलर शाफ्टला असतो, तिथे याचा उपयोग नाही.

एवढं करूनही वरच्या वाडीच्या चढावर गाडी एका चाकावर फिरतच राहिली. तेव्हा दिवाळीनंतर जुना एलएसडी शोधायला लागलो.

नुसतं "याच गाडीचा आहे" यावर विसंबू नका. आम्ही पहिल्यांदा तसंच करणार होतो. आधी आपल्या गाडीचं प्रमाण काढा, म्हणजे क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात. ४१ आणि १० असतील तर ४.१, ४१ आणि ११ असतील तर साधारण ३.७३. गोळा न उघडताही ते कळतं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचलून स्टँडवर. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजा. चार फेरे आणि जरासा वर आला तर प्रमाण ४.१ च्या आसपास. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक थांबलेलं असलं की दोन फेऱ्यांनी पिंजरा एकदा फिरतो, म्हणून दोन. आम्ही खडूने खुणा करून मोजलं आणि दोघींची मोजणी जुळल्यावरच वहीत लिहिलं.

मग हाफ शाफ्टच्या टोकाच्या खाचा मोजा. त्या संख्येने आणि जाडीने तंतोतंत जुळल्या पाहिजेत, एक खाच इकडेतिकडे चालत नाही. क्राउनच्या बोल्टची संख्या, बेअरिंगचं माप हेही बघा. प्रमाण वेगळं निघालं तर आपलं जुनं क्राउन नव्या पिंजऱ्यावर चढवता येतं का हे विचारा. काही गाड्यांत वेगवेगळ्या प्रमाणांना पिंजराही वेगळा लागतो. आम्हाला मिळालेला पहिला गोळा यातच नापास झाला.

दुसरा नाशिकच्या जुन्या भागांच्या बाजारात मिळाला, आमच्याच मॉडेलच्या अपघातात मोडलेल्या गाडीतला, क्लचवाला. दुकानदाराकडून गाडीच्या नंबरासकट पक्कं बिल घेतलं. चोरीचा माल निघाला तर गटाचं नाव खराब व्हायला नको. त्याच्या मागच्या आसाचं सांगाडं अजून जोडलेलं होतं, म्हणून तिथेच परीक्षा घेता आली. दोन्ही टोकं अधांतरी ठेवून एक हाताने फिरवलं. दुसरं उलट्या दिशेला फिरलं तर बहुधा साधं. दोन्ही एकाच दिशेला फिरली तर आत धरणारं काहीतरी आहे. दोन्ही एकाच दिशेला फिरली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मिस्त्रीदादांनी एक टोक धरायला लावून दुसरं टॉर्क पान्याने फिरवलं आणि किती जोरावर सुटतं ते वाचलं. तो आकडा कंपनीच्या दुरुस्तीपुस्तकातल्यापेक्षा कमी आला. म्हणजे चकत्या झिजलेल्या, पण मेलेल्या नाहीत. याच आकड्यावर आम्ही भाव तोडला.

गोळ्याचे बारा हजार, नव्या चकत्या, बेअरिंग आणि सील यांचे साडेसहा, मजुरी आणि तेलाचे साडेपाच. चोवीस हजारांत काम झालं. हे आमचे आकडे आहेत, तुमच्याकडे गाडी आणि बाजार बघून बदलतील. मजुरीत मात्र काटकसर करू नका. क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांत किती खोल बसतात हे पातळ पत्र्यांनी ठरवावं लागतं. दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहतात. तो ठसा आम्हाला दाखवा, असं आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. हे चुकलं तर गाडी घूं घूं करते आणि दात खाऊन टाकते.

एक चूक तरीही झालीच. गोळ्यात नेहमीचंच गिअर ऑइल भरलं गेलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वळणावर मागून जात्यासारखी घरघर आणि थरथर. वाटलं, गेले चोवीस हजार. पण दोष तेलाचा होता. क्लचवाल्या एलएसडीच्या चकत्यांना घसरायला मदत करणारं द्रव्य तेलात लागतं, नाहीतर त्या अडखळत सुटतात. डब्यावर तसं लिहिलेलं तेल आणून भरलं, मोकळ्या मैदानात दहा-बारा आठ आकडे काढले आणि घरघर थांबली. हजार किलोमीटरवर तेल पुन्हा बदललं, कारण नव्या चकत्यांचा चुरा त्यात उतरतो.

या पावसाळ्यात गाडी वाडीचा चढ चढते. शाळेपुढच्या वळणावरही एकदा चाक उतरलं होतं, हळू दाब दिल्यावर निघाली. पण ही जादू नाही. निसरड्या उतारावर जास्त दाबलं तर दोन्ही चाकं एकदम फिरतात आणि मागचा भाग बाजूला सरकतो. पूर्वी एकच फिरायचं तेव्हा निदान शेपूट जागेवर राहायचं. म्हणून शेवाळाच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये, हळू, हे आमच्या चालवणारीने स्वतःला लावून घेतलं आहे.

आणखी एक, अगदी जिवाचं. साध्या डिफरन्शिअलची गाडी एक चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये सुरू केली तर उचललेलं चाकच फिरतं, म्हणून काही मिस्त्री तसं करून आवाज ऐकतात. तसं कधीच करू नये, पण एलएसडीच्या गाडीत ते जिवावर बेततं. जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून पुढे उडी मारते. पंक्चरच्या दुकानात एका पोराने किल्ली फिरवायला हात घातला होता, आमच्या चालवणारीने धावत जाऊन ती काढून घेतली. त्याच दिवशी आम्ही जॅकच्या डब्यावर आणि मागच्या दाराच्या आतून पांढऱ्या रंगाने लिहून घेतलं: मागचं चाक उचललेलं असताना इंजिन सुरू करू नये.